हळदीने काढला पानाचा फोटो

कॅमेरा नको, मोबाइल नको. स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा तेवढा काढा. त्यातली चमचाभर हळद, एक पांढरा कागद आणि दारातल्या झाडाचं एक पान, एवढ्या सामानावर आज आपण फोटो काढणार आहोत. खराखुरा, उन्हाने काढलेला.

चला तर. आईला, आजीला किंवा दादाला मदतीला घ्या आणि गॅस बंद आहे ना ते आधी बघा, कारण आपण पेट घेणारं द्रव वापरणार आहोत. एका वाटीत चमचाभर हळद घ्या आणि तिच्यात चार-पाच चमचे पातळ सॅनिटायझर किंवा औषधाच्या दुकानातलं स्पिरिट घाला. साधं पाणी इथे चालत नाही, कारण हळदीचा पिवळा रंग पाण्यात नीट विरघळतच नाही. पाण्यात हळद टाकून बघा, थोड्या वेळाने ती तळाशी बसलेली दिसेल. स्पिरिटमध्ये मात्र रंग सुटतो आणि वरचं स्पिरिट झक्क केशरी-पिवळं होतं. ते वरच्या वर घ्या, चित्रकलेच्या वहीतल्या जाड कागदाला कापसाने एकसारखं लावा आणि कागद खोलीत, सावलीत वाळवा. उन्हात का नाही, ते पुढे कळेलच.

कागद वाळला की त्यावर पान ठेवा. शेवग्याची डहाळी छान येते. लाजाळूचं पान, शमी, दूर्वांची जुडी, आघाड्याचा तुरा, ज्यांना नक्षी आहे ते काहीही घ्या. त्यावर फोटोच्या जुन्या चौकटीची काच ठेवा, कडांना चिमटे लावा आणि हे सगळं टळटळीत उन्हात गच्चीवर ठेवून या. सांगलीचं एप्रिलमधलं ऊन असेल तर दोन-तीन तासांत काम होतं. श्रावणातल्या ढगाळ दिवशी अख्खा दिवसही पुरणार नाही. मधूनमधून पानाचा एक कोपरा उचलून डोकवा. झाकलेला भाग गडद पिवळा आणि उघडा भाग फिकट दिसायला लागला की कागद आत आणा आणि पान काढा.

पानाचं चित्र उमटलेलं असतं! शेवग्याचं एकेक पर्ण, दूर्वांची एकेक काडी, सगळं पिवळ्या रंगात.

आता कपडे धुण्याचा सोडा चमचाभर घ्या, वाटीभर पाण्यात विरघळवा आणि त्या पाण्यात कागद अलगद बुडवा. हातमोजे घाला किंवा चिमट्याने धरा. पिवळं पान बघता बघता तांबडं-तपकिरी होतं. हा क्षण मला इतका आवडतो की तो डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढचं वाचूच नका असं सांगावंसं वाटतं.

झालं काय? हळदीच्या पिवळेपणाला जबाबदार असलेल्या पदार्थाचं नाव कर्क्युमिन. उन्हातल्या प्रकाशाने त्याचे रेणू मोडतात आणि मोडले की रंग जातो. पानाने ज्या जागी सावली धरली तिथलं कर्क्युमिन शाबूत राहिलं, बाकीचं उन्हाने खाल्लं. जॉन हर्षल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1842 मध्ये फुलापानांचे रस कागदाला लावून अशीच चित्रं काढली होती. तेव्हा फोटोग्राफी नुकती जन्माला आली होती. आणि उन्हाने हळदीचा रंग उडतो हे तुमच्या आजीला काही न वाचताच ठाऊक आहे. शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडलं की ती काय करते? धुते आणि कडक उन्हात वाळत घालते. संध्याकाळी डाग गेलेला असतो.

पण धुताना तो डाग आधी लालभडक झाला होता, ते कोणी पाहिलं का? साबण क्षारधर्मी असतो. क्षार कर्क्युमिनच्या रेणूतला हायड्रोजन काढून घेतो. आधी हा रेणू उजेडातला निळा-जांभळा भाग गिळायचा, म्हणून आपल्याला पिवळा दिसायचा. हायड्रोजन गेल्यावर तो उजेडातला वेगळा भाग गिळतो आणि लाल दिसतो. त्यावर लिंबू पिळा, हायड्रोजन परत मिळाला की तो पुन्हा पिवळा होतो. मुका मार लागल्यावर हळद-चुन्याचा लेप लावतात तो लाल का असतो, हेही आता तुम्ही सांगू शकाल. चुना कडक क्षार आहे. (चुन्याशी आपण खेळायचं नाही. डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते.)

उरलेल्या पिवळ्या कागदाच्या बोटभर पट्ट्या कापा आणि घरभर हिंडा. चुलीच्या राखेचं पाणी, ताक, चिंचेचा कोळ, शांपू, दंतमंजन, सगळ्यांत एकेक पट्टी बुडवून बघा. राखेच्या पाण्यात पट्टी लाल होईल, ताकात पिवळीच राहील. मात्र एक ध्यानात ठेवा, साध्या पाण्यातही ती पिवळीच राहते. म्हणजे हळद फक्त क्षार ओळखते, आंबट ओळखत नाही. आंबट ओळखायला लाल जास्वंदीच्या पाकळ्या कोमट पाण्यात कुस्करा. ते पाणी लिंबाने गुलाबी-लाल होतं आणि सोड्याने हिरवट. एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं, म्हणून दोघांना कामाला लावायचं.

आता ही हळद येते कुठून ते बघू. त्यासाठी डब्यातली पूड सोडून सांगली जिल्ह्यातल्या शेतात जाऊ. सांगलीची हळदीची पेठ देशभर नावाजलेली आहे आणि सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या मातीत आणि हवेत पिकलेल्या हळदीलाच ‘सांगली हळद’ म्हणता यावं, असा त्याचा अर्थ. मिरज तालुक्यात कसबे डिग्रजला तर खास हळदीचं संशोधन केंद्र आहे. ‘कृष्णा’ आणि ‘फुले स्वरूपा’ या हळदीच्या जाती तिथल्याच. साताऱ्याकडे वाईच्या बाजूलाही हळद पिकते.

जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात ओली हळद येते, लोणचं घालायला. तेव्हा पाव किलो घरी आणा आणि जेवणाआधी तिची नीट तपासणी करा. बोटांना रंग लागेल, लागू द्या. तुम्हाला वाटत असेल की हळद म्हणजे मूळ. मग तिच्या अंगावर या आडव्या कड्या कशा? कड्यांवर पापुद्र्यासारखे पातळ खवले कसे? आणि मध्येच हा फुगीर टोकदार डोळा कसा? मुळाला डोळे फुटत नाहीत. डोळे खोडाला असतात. म्हणजे हळद हे जमिनीखाली आडवं वाढणारं खोड आहे! आणि जमिनीवर जे हिरवं ‘खोड’ दिसतं, ते मुळी खोडच नाही. पानांचे देठ एकमेकांभोवती गुंडाळून ते तयार झालेलं असतं, केळीसारखं. वाळलेलं एखादं रोप मिळालं तर कांद्यासारखं एकेक पदर सोलून बघा, आत खोड सापडणारच नाही.

शेतकरी हळदीच्या कंदाला नुसतं ‘हळद’ म्हणत नाहीत, प्रत्येक भागाला नाव आहे. रोपाच्या बुडाशी असतो तो मोठा जेठा गड्डा. त्याच्या बाजूंनी फुटतात ते बगल गड्डे. त्यांना बोटांसारखी फुटलेली लांबट ती हळकुंडं. आणि या सगळ्यांच्या मध्ये एक सुरकुतलेला, थकलेला गड्डा असतो, तो सोरा गड्डा. गेल्या वर्षी बेणं म्हणून जो लावला होता, तोच हा! नव्या रोपाला आपली सगळी साठवण देऊन तो असा रिता झालेला असतो. हळद काढणी चालू असेल अशा शेतात जायला मिळालं, तर मालकांना विचारून एक अख्खं बेट हातात घ्या आणि त्यातला सोरा गड्डा ओळखून दाखवा.

बेणं म्हटलं, बी म्हटलं नाही. हळदीला फुलं येतात, पानांच्या मधोमध हिरवट-पांढऱ्या दांड्याला, पण तिला बी सहसा धरत नाही. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, आणि बी तयार होताना तिघांची दोघांत सारखी वाटणी होत नाही. म्हणून हजारो वर्षं माणसं गड्ड्यातून गड्डा लावत आली. तुमच्या डब्यातली हळद ही गेल्या वर्षीच्या हळदीचाच तुकडा, ती त्याच्या आधीच्या वर्षीच्या हळदीचा तुकडा, असं मागे मागे कितीही जा. विचार करून बघा, डोकं गरगरतं.

काढलेली हळद शिजवावी लागते. पूर्वी मोठाल्या काहिलीत शिजवत, आता बरेच जण वाफेवर शिजवतात. शिजवली की डोळे मरतात, म्हणजे ती पुन्हा उगवत नाही, आतला रंग सगळीकडे सारखा पसरतो आणि ती वाळतेही एकसारखी. उन्हात वाळवून मग ती पिंपात घोळून चकचकीत करतात. आणि पूर्वी ती साठवत कुठे? सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर नावाचं गाव आहे. तिथे जमिनीच्या पोटात पेवं आहेत. तोंड अरुंद, आत ऐसपैस, माणूस शिडीवाचून चढू शकणार नाही इतकी खोल. त्यात हळद भरून तोंड मातीने लिंपून टाकायचं, की वर्षानुवर्षं तिला कीड लागत नसे. कारण बंद पेवातला प्राणवायू हळूहळू संपतो आणि किड्यांना श्वास घेता येत नाही. म्हणूनच पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नसे. आधी हवा खेळू देत, कंदील सोडून बघत, तो विझला नाही तरच खाली जात. कोणाला तेव्हा प्राणवायूचं नाव माहीत नव्हतं, पण त्याचं काम पक्कं माहीत होतं. 2005 च्या महापुरात हरिपूरच्या पुष्कळ पेवांत पाणी शिरलं आणि ती निकामी झाली. जी टिकली आहेत ती जपायला हवीत, असं मला फार मनापासून वाटतं.

हळदीला भावंडंही आहेत. सातारी आलं घ्या. सातारा, कोरेगाव, कराड या भागात आल्याची शेती जोरात असते. आलं आणि हळद शेजारी ठेवलीत तर कड्या, खवले, डोळे सगळं जुळतं. तिसरी बहीण आंबेहळद. तिचा तुकडा मोडून डोळे मिटून वास घ्या आणि ओळखा कशाचा. कैरीचा! आल्याची आणखी एक गंमत अशी की ओल्या आल्याचा कण जिभेवर ठेवा, पाणी प्या, आणि मग चिमूटभर सुंठ चाखा. सुंठ जास्त झोंबते. आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉलचं शोगॉल होतं आणि ते अधिक तिखट असतं.

या घराण्यातली एक मानी मुलगी साताऱ्याच्या पश्चिमेला, कासच्या पठारावर राहते. तिचं नाव चवर. पावसाळ्यात केळीसारखी रुंद पानं आणि मध्ये पांढरट-हिरवट फुलांचा तुरा घेऊन ती दगडी सड्यावर उभी असते. सह्याद्री सोडून जगात दुसरीकडे ती उगवत नाही. पश्चिम घाटातल्या ज्या 39 जागांना युनेस्कोने 2012 मध्ये जागतिक वारसा म्हटलं, त्यांत कास आहे. कासला गेलात तर चवर शोधा, वहीत तिचं चित्र काढा, पण तिला हात लावू नका आणि वाटेबाहेर पाऊल टाकू नका. तिथल्या खडकावर मातीचा थर बोटभर असतो. त्यात एकेक झाड जगतं ते मोठ्या मुश्किलीने. फोटोसाठी पान हवं असेल तर ते दारातल्या झाडाचं घ्या, आणि तेही खाली पडलेलं मिळालं तर सर्वांत उत्तम.

दारात काय काय आहे? तुळस तर असणारच. तिची कोवळी काडी दोन बोटांत धरून हळूच फिरवा. ती गोल फिरत नाही, अडखळते, कारण ती चौकोनी आहे! पुदिन्याची फिरवा, सब्जाची फिरवा, मरव्याची फिरवा. सगळ्या चौकोनी. हे सगळे एकाच कुळातले, आणि काडीच्या चार कोपऱ्यांत त्यांनी मजबुतीचे चार खांब उभे केलेले असतात. अंधारातही हे कूळ ओळखता येईल, आधी बोटाने आणि मग नाकाने. पानाच्या मागे भिंग धरलंत तर बारीक चमकदार ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या. पान चोळलं की त्या फुटतात आणि वास सुटतो. सब्जाचं बी तर वाटीभर पाण्यात टाकून नुसतं बघत बसा. पाच मिनिटांत प्रत्येक काळ्या बीभोवती काचेसारखा बुळबुळीत अंगरखा चढतो. कोरड्या मातीत पडलेल्या बीला पाणी धरून ठेवायला तो उपयोगी पडतो.

आणि पाटाच्या कडेला, ओलसर बांधावर, पांढऱ्या बटणाएवढ्या फुलांचं एक बुटकं झाड दिसेल, तो माका. मोठ्या माणसाला दाखवून खात्री करून घ्या आणि त्याचं एक पान तळहातावर चोळा. रस हिरवा दिसेल. थोडं थांबा. हवेशी गाठ पडली की तो काळपट होत जातो. केसांच्या तेलात माका का घालतात, याचं कारण आजीने हातावरच बघितलं असणार.

एक गोष्ट मात्र कडक आवाजात सांगते. चोळा, हुंगा, भिंगातून बघा, पण ओळख नसलेलं पान किंवा फळ तोंडात घालू नका. गणपतीच्या पत्रीत धोत्रा असतो, कण्हेर असते, रुई असते. तिन्ही विषारी आहेत. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो. पत्री हाताळून झाली की हात साबणाने धुवायचे. आणि बरं वाटत नसेल तर औषध डॉक्टरांनी द्यायचं, आपण झाडपाला शोधायचा नाही.

आता वही काढा. हळदीचा प्रत्येक फोटो एका पानावर चिकटवा आणि वही कपाटात ठेवा, उजेडात ठेवलीत तर चित्रं उडून जातील. चित्राखाली चार गोष्टी लिहा. झाडाचं नाव, तुमच्या गावात त्याला आणखी काय म्हणतात ते, कुठे आणि कोणत्या तारखेला मिळालं, आणि घरातल्या मोठ्या माणसांनी त्याच्याबद्दल काय सांगितलं. शेवटची गोष्ट कधीच गाळू नका. का, ते ऐका.

1995 मध्ये अमेरिकेत हळदीचं पेटंट दिलं गेलं. जखम भरायला हळद वापरणं हा म्हणे नवा शोध! पेटंट म्हणजे त्या शोधावर पेटंट घेणाऱ्याचा हक्क. जखमेवर हळद दाबणं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण ‘आम्हाला ठाऊक आहे’ एवढं सांगून कायद्यात भागत नाही, लिहिलेला पुरावा लागतो. तेव्हा भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते आपले डॉ. रघुनाथ माशेलकर. परिषदेने जुने ग्रंथ आणि लेख धुंडाळून बत्तीस पुरावे गोळा केले आणि पेटंटला आव्हान दिलं. 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. कोणीतरी, कधीतरी, हळदीबद्दल लिहून ठेवलं होतं म्हणून ते जमलं.

तुमच्या आजीला माहीत असलेलं कितीतरी अजून कुठेच लिहिलेलं नाही. या रविवारी तिच्याजवळ बसा, पाच झाडांबद्दल विचारा आणि ती सांगेल तसं, तिच्याच शब्दांत लिहून घ्या. तिचं नाव आणि तारीख खाली घाला.

आणि हळद लावायचीच असेल तर अक्षय तृतीयेपासून पहिल्या पावसापर्यंतचा काळ धरा. ठसठशीत डोळ्यांचा एक न शिजवलेला गड्डा घ्या, पाण्याचा निचरा होईल अशा खोल कुंडीत किंवा जुन्या पोत्यात भुसभुशीत माती भरा, आणि डोळा वर करून चार बोटं खोल लावा. पाणी बेताने घाला, मातीचा चिखल होऊ देऊ नका. पहिला कोंब दिसायला दोन-चार आठवडे लागतात, तोवर उकरून बघू नका. पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत पानं पिवळी पडून वाळतात. ती पूर्ण वाळली, की हळद काढायला आली.